हॉलची अट

‘सोबत’ हा पालकांचा गट सुरू झाला तेव्हा त्यात दोनच आया होत्या. भांडुपच्या चाळीतली प्रेमा घाडी आणि मुलुंडच्या टॉवरमधली मृणालिनी देवस्थळी. एरवी या दोघींची ओळख व्हायचं काही कारणच नव्हतं. प्रेमा एका पाळणाघरात स्वयंपाक करायची, मृणालिनी कॉलेजात शिकवायची. पण दोघींची मुलं स्वमग्न होती, आणि अपंगत्वाचा दाखला काढायचा तर सरकारी इस्पितळाची पायरी कुणालाच चुकत नाही. त्या सकाळी तिथल्या कॉरिडॉरमध्ये मृणालिनीचा आठ वर्षांचा श्रेयस फरशीवर डोकं आपटत होता. भोवती गर्दी जमली होती. कुणी म्हणत होतं पाणी मारा, कुणी म्हणत होतं एक ठेवून द्या. मृणालिनी भिंतीला टेकून नुसती उभी होती. प्रेमाने आपल्या सहा वर्षांच्या जान्हवीला बाकावर बसवलं, सरळ खाली फतकल मारली आणि त्या पोराच्या डोक्याखाली आपली मांडी सरकवली. वीस मिनिटं तो तिच्या मांडीवर डोकं आपटत राहिला.

“काय बघताय? जत्रा भरल्येय?” ती गर्दीवर खेकसली.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून दोघी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मृणालिनीच्या घरी भेटायला लागल्या. दोघींच्या पाच झाल्या, पाचांच्या अकरा. मग घर पुरेना, तेव्हा मृणालिनीने खटपट करून मुलुंड पूर्वेच्या एका मोठ्या सोसायटीचा हॉल मिळवला. चार ते सहा. गटात आता एकोणीस घरं होती.

त्या दोन तासांसाठी प्रेमा महिनाभर तग धरायची. तिथे कुणी “हिला काय झालंय?” असं विचारत नसे. जान्हवी हॉलभर गोल गोल फिरायची, खिडकीच्या गजावरून बोटं ओढत तोंडाने एकसुरी आवाज काढायची, आणि कुणी मान वळवून बघायचं नाही. केस कापताना मूल ओरडलं तरी न चिडणारा न्हावी कुठे आहे, दाताचा कुठला डॉक्टर जमिनीवर बसून मुलाचं तोंड तपासतो, असल्या गोष्टी तिथे कळायच्या. जान्हवीला बोलता येत नव्हतं, पण दुसरा शनिवार तिला बरोब्बर कळायचा. तीन वाजले की ती आपला निळा पंजाबी ड्रेस काढून आणायची आणि दारात जाऊन उभी राहायची.

गटात माहुलहून येणारी चेतना म्हणून एक बाई होती. घाटकोपरची झोपडी तुटल्यावर त्यांना तिकडच्या बिल्डिंगीत खोली मिळालेली. नवरा सोडून गेलेला, आणि मुकुल नावाचा पंधरा वर्षांचा ताडमाड मुलगा. मुकुलचा हात उठायचा. राग म्हणून नव्हे, गलका सोसला नाही की उठायचा. एकदा त्याने अनुपमाच्या सहा वर्षांच्या प्रांजलला भिंतीवर ढकललं. प्रांजलच्या भुवईला तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीचा प्रेमाला फोन आला.

“प्रेमा, कुणीतरी चेतनाशी बोलायला हवं गं. मी बोलले तर तिला वाटेल, या टॉवरवाल्या बायका. तू बोल. तुझं ऐकेल ती.”

“काय सांगू पण, ताई?”

“सांग की आपला गट मुकुलच्या गरजांना पुरा पडत नाहीये. त्याच्याच भल्याचं आहे म्हणावं. बरोबर आहे ना? तुला काय वाटतं?”

“बरोबर आहे,” प्रेमा म्हणाली. आणि तिला खरंच ते बरोबर वाटलं होतं. आपली जान्हवी कुणाला मारत नाही, हा विचारही मनात येऊन गेला होता, आणि तो आला तेव्हा बरं वाटलं होतं.

रिकाम्या हाताने जायला नको म्हणून ती डबाभर रव्याचे लाडू घेऊन गेली. कुर्ला डेपोच्या बाहेर दोघी भेटल्या. प्रेमाने मृणालिनीने दिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. चेतना पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, “बरं.” तिने डबा घेतला, मुकुलचं मनगट घट्ट धरलं आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. डबा परत आला नाही आणि प्रेमाने मागितलाही नाही. त्यालाही दोन वर्षं होऊन गेली.

यंदा जान्हवी चौदा वर्षांची झाली. पाळी सुरू झाल्यापासून तिचं सगळं तंत्रच बिघडलं होतं. पोटात दुखतंय हे सांगता यायचं नाही, पॅड अंगाला सहन व्हायचं नाही. त्या चार दिवसांत प्रेमा कामावर दांडी मारायची आणि खोलीचं दार आतून लावून तिला जवळ घेऊन बसायची. तारखेचा हिशेब ती पक्का ठेवायची. पण जूनमध्ये पाळी आठवडाभर आधी आली, आणि ती नेमकी दुसऱ्या शनिवारी, हॉलमध्ये.

जान्हवी पांढऱ्या कव्हरच्या खुर्चीवर बसली होती. उठली तेव्हा कव्हरवर डाग होता. तो तिने पाहिला, आपल्या ड्रेसवरचा पाहिला, आणि तिने जी किंकाळी फोडली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. प्रेमा पोचायच्या आत ती दाराकडे धावली. नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत आवाज ऐकून आत येत होते. त्यांनी तिला थांबवायला म्हणून दंडाला धरलं. घाबरलेली जान्हवी त्यांच्या हाताला कडकडून चावली. मागे त्यांची म्हातारी आई होती, ती धक्का लागून पायरीवर बसली. तिला काही लागलं नाही, पण दहा-बारा जणांनी ते पाहिलं आणि एकाने मोबाइलवर घेतलं.

प्रेमाने ओढणी पोरीच्या कमरेला गुंडाळली आणि रिक्षात घालून तिला घरी आणलं. रिक्षात बसल्या बसल्या तिला एवढंच आठवत होतं की कव्हर धुवायचं राहिलं. मागून एकही बाई रिक्षापर्यंत आली नव्हती. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्या गडबडल्या असतील, आपापली पोरं सांभाळत असतील, असं तिने धरलं.

बुधवारी दुपारी पाळणाघरात कणीक मळताना तिचा फोन वाजला. ‘सोबत’च्या ग्रुपवर मृणालिनीचा लांबलचक मेसेज होता. सोसायटीने अट घातली आहे. ज्या मुलांवर नियंत्रण राहत नाही ती हॉलमध्ये आणायची नाहीत, असं लिहून द्या, नाहीतर हॉल सोडा. मेसेजमध्ये जान्हवीचं नाव नव्हतं. खाली मत द्यायचं होतं: ‘वेगळी सोय होईपर्यंत अधिक गरजा असलेल्या मुलांच्या पालकांनी एकट्याने यावं का?’ हो. नाही.

कोण काय दाबतं ते नावासकट दिसत होतं. प्रेमाने पिठाच्या बोटाने ‘नाही’ दाबलं आणि फोन ओट्यावर उभा करून ठेवला. हिरवी पट्टी सरकत होती. गंधाली, हो. गंधालीच्या मुलीला पहिल्यांदा संडासची सवय लागली तेव्हा तिने प्रेमाच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. भांडुपचे सावंत नवरा-बायको, दोघंही हो. पोळ्या लाटून झाल्या तेव्हा सतरा ‘हो’ झाले होते. एक ‘नाही’ तिचं स्वतःचं, दुसरं अनुपमाचं. जिच्या पोराला टाके पडले होते तिनेच नाही म्हणावं, याचं प्रेमाला नवल वाटलं. मग तिने ‘हो’वाल्यांची नावं पुन्हा वरपासून वाचायला घेतली आणि नवव्या नावाशी थांबली.

दशरथ घाडी.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. संध्याकाळी घरी आला, पाय धुतले, आणि तिने त्याच्यासमोर फोन धरला.

“हे चुकून झालं काय?”

दशरथने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. “चुकून नाय.”

“आपल्याच पोरीविरुद्ध?”

“पोरीविरुद्ध कशाला गो? तू तिला घेऊन परत तिथे जाशील, परत कोणतरी बोलेल, परत तू रिक्षात रडत येशील. तो व्हिडिओ आमच्या सुपरवायझरच्या फोनवर आला, म्हायत आहे? मला दाखवून विचारतो, ही आपल्या मुंबईतलीच काय रे? मी म्हटलं, असेल. माझी आहे म्हणून सांगितलं नाय मी.” तो खाली बसला. “माका आता सोसणा नाय. तू एकटी जा, दोन तास बस, चार बायकांशी बोल. पोरीला मी बघतो.”

प्रेमाने त्याला त्या रात्री जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. पोरगी आपली आहे हे त्याने सांगितलं नाही, याहून जास्त तिला झोंबलं ते दुसरंच. त्याचं म्हणणं तिला कळत होतं.

रविवारी ती मृणालिनीकडे गेली. श्रेयसने दार उघडलं, “प्रेमामावशी, चप्पल डाव्या बाजूला,” म्हणाला आणि आत निघून गेला. तो आता सोळा वर्षांचा होता, बाहेरून दहावीला बसणार होता. मृणालिनीने चहा टाकला.

“मला शिव्या घालायला आली असशील तर घाल,” मृणालिनी म्हणाली.

“शिव्या नाही, ताई. मला एवढंच सांगा, जान्हवीला कुठे नेऊ मी?”

“मी एक सेंटर बघून ठेवलंय, ठाण्याला. तिथे स्पेशल टीचर असतात. आपला गट तिच्या गरजांना पुरा पडत नाही, प्रेमा. तिच्याच भल्याचं—”

मृणालिनी मध्येच थांबली. वाक्य तिच्याही ओळखीचं होतं.

“हे मी पाठ केलंय, ताई,” प्रेमा म्हणाली. “मीच म्हटलं होतं कुर्ल्याला.”

“मग तुला तर कळायला हवं!” मृणालिनीचा आवाज चढला. “तेव्हा तू बरोबर आहे म्हणालीस. मी तुला विचारलं होतं, आठव. तेव्हा मुकुल होता म्हणून बरोबर, आणि आता जान्हवी आहे म्हणून मी राक्षसीण? हॉल गेला तर सतरा-अठरा घरं रस्त्यावर येतात. माझ्या घरी आता जमत नाही, यांच्या बायपासनंतर घरात आवाज चालत नाही. सांग ना, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?”

प्रेमाच्या जिभेवर इस्पितळातला कॉरिडॉर आला होता. श्रेयसचं डोकं, तिची मांडी, ती वीस मिनिटं. पण ते बोलून दाखवायचं म्हणजे केलेल्या गोष्टीचा मोबदला मागण्यासारखं होतं. शिवाय प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं. मृणालिनीच्या जागी ती असती तर तिनेही दुसऱ्या कुणालातरी फोन लावून तेच सांगायला पाठवलं असतं.

“मला निदान तोंडावर सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “चेतनाला तरी मी समोर जाऊन सांगितलं. मला तुम्ही फोनवर, सगळ्यांच्या देखत, बटणं दाबून…”

“माझी हिंमत झाली नाही,” मृणालिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. प्रेमाला तिची दया आली नाही. चहा तसाच ठेवून ती उठली.

पुढच्या आठवड्यात ती जान्हवीला घेऊन माहुलला गेली. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दोघी-तिघी मिळून नवीन गट काढू, अशी काहीतरी कल्पना डोक्यात होती. माफी मागायची होती हेही खरं. कुर्ल्याहून बस, मग पाऊण तास इमारतींच्या रांगा शोधत फिरणं. हवेला रिफायनरीचा वास होता आणि जान्हवीने ओढणी नाकाला धरली ती सोडली नाही. पाचव्या मजल्यावर चेतनाने दार उघडलं. तिने आधी जान्हवीकडे पाहिलं, मग प्रेमाकडे.

“ये,” ती म्हणाली.

खोली एवढीशी, पण लख्ख होती. मुकुल कुठे दिसेना.

“शाळेत गेलाय?”

“कर्जतच्या पुढे एक आश्रम आहे. तिथे ठेवलाय. दीड वर्ष झालं.” चेतनाने पाण्याचा ग्लास पुढे केला. “तुमच्याकडे येणं बंद झालं, तसा तो घरातच राहायला लागला. बाहेर काढला की लोक अंगावर यायचे. मी कामाला जाताना बाहेरून कडी लावायचे. एकदा आल्येय तर त्याने खिडकीची काच फोडून हात फाडून घेतलेला. मग म्हटलं, बस झालं. महिन्यातून एकदा जाते. आता बारीक झालाय. गोळ्या देतात, गप्प बसून असतो. छान शांत झाला म्हणतात तिथले.”

प्रेमाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. “चेतना, तेव्हा मी जे…”

“आता का आलीस?”

“तुझी माफी मागायला.”

“हिला काढली ना तिथून?” चेतनाने जान्हवीकडे हनुवटी उडवली. जान्हवी खिडकीच्या नव्या गजांवरून बोटं फिरवत होती. “काढली नसती तर आली असतीस?”

प्रेमाने ग्लास खाली ठेवला.

“नसतीस आलीस. मी तुझ्या जागी असते तर मीपण नसते आले. त्याचा मला राग नाय गं. तू नसतीस तर दुसरी कोणी आली असती सांगायला, ते ठरलेलंच होतं. पण आलीस तू. लाडू घेऊन. मुकुलने घरी पोचायच्या आत बसमध्येच चार खाल्ले, इतका खूश होता. मी तो डबा दुसऱ्या दिवशी फेकून दिला.”

नवीन गटाचा विषय प्रेमाने काढलाच नाही. निघताना चेतना दारापर्यंत आली. जान्हवीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला. “हिची पाळी सुरू झाली असेल ना? डॉक्टरला विचार, काही गोळ्या असतात पोटदुखीच्या. पोरीला बोलता येत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं.” तिने दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

जुलैचा दुसरा शनिवार आला. तीनच्या ठोक्याला जान्हवी निळा ड्रेस घालून दारात उभी. दशरथने तिला गच्चीवर नेलं, टीव्ही लावून पाहिला, खाली जाऊन वेफर्स आणून दिले. ती दारावर हात आपटत राहिली. साडेपाचपर्यंत शेजारच्यांनी दोनदा भिंत ठोकली. ऑगस्टमध्ये प्रेमाने हात टेकले आणि तिला घेऊन मुलुंडला गेली. आत जायचं नव्हतंच. सोसायटीच्या गेटबाहेर फुटपाथवर दोघी उभ्या राहिल्या. वॉचमनने त्यांना ओळखलं. “मॅडम, मला ऑर्डर आहे,” तो खाली बघत म्हणाला. “माहीत आहे. आम्ही इथेच आहोत,” प्रेमा म्हणाली. जान्हवीने गेटच्या गजांवरून बोटं फिरवली, तोंडाने आपला सूर लावला आणि पाऊण तासाने आपणहून रिक्षाकडे वळली.

सप्टेंबरात आणि ऑक्टोबरातही त्या तशाच गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत जाणारे पालक रस्त्याच्या पलीकडून यायचे, मोबाइल कानाला लावायचे. ऑक्टोबरात अनुपमा मात्र थांबली. प्रांजलचा हात धरून ती प्रेमाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मी ‘नाही’ दाबलं होतं हं. बघितलंस ना तू?”

“बघितलं.”

“मला फार वाईट वाटतं गं. खरंच.” तिने घड्याळात पाहिलं. “चल, आज ते स्पीच थेरपीवाले यायचेत.” आणि ती आत गेली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी प्रेमाने दुपारची भांडी लवकर घासली, साडी बदलली, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि जान्हवीचा जादा ड्रेस टाकला. तीन वाजले. जान्हवी कॉटवर बसून चादरीची दशी सोडवत होती. सव्वातीन झाले. प्रेमाने निळा ड्रेस कपाटातून काढून तिच्या शेजारी ठेवला. जान्हवीने तो हाताने बाजूला सारला आणि पुन्हा दशीला लागली.

“आज नाही जायचं?” प्रेमाने विचारलं. तिने वर पाहिलं नाही.

दशरथ पेपर वाचत होता. “विसरली वाटतं,” तो म्हणाला. “बरं झालं एकदाचं. सुटलीस तू.”

विसरली की तिला कळलं, हे विचारायचं कुणाला? प्रेमा बराच वेळ दाराशी उभी होती. गेले तीन महिने पोरीच्या हट्टापायी आपण तिथे जातोय, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. तिने पर्समधली बाटली काढून ओट्यावर ठेवली. मग काही सुचेना म्हणून साडी न बदलताच रात्रीचे तांदूळ निवडायला बसली.